घर बांधण्याआधी : आराखडा कोणाचा, हात कोणाचा?



ऊस विकास अधिकाऱ्याने घरबांधणीवर लिहावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. आमचे काम बेणे, खते, पाणी आणि तोडणी कार्यक्रम यांचे. तथापि गावोगाव फिरताना एक गोष्ट दर वर्षी नजरेस येते. उसाचे बिल खात्यावर जमा झाले की त्यातला मोठा वाटा वीट, सिमेंट आणि सळईत जातो. बेणे आणायचे असले तर आपण चार जणांचे फड बघतो, बेणे नऊ-दहा महिन्यांचे आहे की जून झाले ते विचारतो, कांडी हातात घेऊन डोळा तपासतो, खोडव्याचे बेणे कोणी फुकट दिले तरी नको म्हणतो. आणि ज्या घरात आपल्या नातवंडांनीही राहायचे, त्याचा नकाशा मात्र सिमेंटच्या पावतीच्या पाठीवर निघतो. गवंडी विचारतो, "किती खोल्या?" आपण म्हणतो, "चार." झाला आराखडा!

घराची आणि परसाची विचार करून आखणी करणारी माणसे, आणि ती आखणी दगडा-विटांत उतरवणारे कारागीर कसे शोधावेत, त्यांना काय विचारावे, हा आजच्या पाठाचा विषय आहे. शहरात अशा मंडळींच्या कचेरीला 'डिझाइन स्टुडिओ' म्हणतात. नाव ऐकून बिचकण्याचे कारण नाही. आपल्या वाडवडिलांच्या काळात हेच काम गावचा सुतार आणि वडार मिळून करीत होते. त्यांची कचेरी पिंपळाच्या पाराखाली होती, एवढाच फरक.

किल्लारीने काय दाखवले

लातूर-नांदेडकडे घराविषयी बोलायचे तर सुरुवात किल्लारीपासूनच करावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्री, लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात भूकंप झाला. त्यात सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. याच तीव्रतेचे भूकंप जगात इतर ठिकाणी होतात आणि तिथे इतकी माणसे दगावत नाहीत. आपल्याकडे माणसे मेली ती स्वतःच्या घराखाली सापडून.

त्यानंतर गावोगाव एकच निष्कर्ष निघाला : दगड-माती वाईट, सिमेंट चांगले. तीस वर्षांहून अधिक काळ आपण त्याच समजुतीवर घरे बांधतो आहोत. हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे, आणि अर्धे खरे बेणे लावले तर उगवणही अर्धीच होते.

आपले जुने घर कसे होते ते आठवा. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर फळ्या किंवा किलचं, मग पाला आणि वर पांढऱ्या मातीचा थर. हे आपले माळवद. घर मोजायचे ते खणांत. माळवदाचा भार लाकडी सांगाड्यावर, आणि भोवती दोन ते चार फूट जाडीची दगडी भिंत. उन्हाळ्यात बाहेर ४२ अंश असले तरी आत माजघरात रांजणातल्या पाण्यासारखा गारवा. आखणी मूळची शहाणपणाचीच होती.

मग बिघडले कुठे? पहिली गोष्ट माळवदाचे वजन. पावसाळ्याआधी गळती थांबवायला दर वर्षी वर नवी माती टाकायची, जुनी मात्र काढायची नाही. असे करता करता माळवद दीड-दोन फूट जाड झाले, कुठे त्याहून जास्त. दहा फूट बाय दहा फुटांच्या जागेवर दोन फूट माती म्हणजे जवळजवळ नऊ टन. म्हणजे उसाने भरलेल्या पाच-सहा बैलगाड्या झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर उभ्या केल्यासारखे. दुसरी गोष्ट भिंतीची. बाहेरून एक पदर, आतून एक पदर, मध्ये गोटे आणि मातीचा भराव. दोन पदरांना एकत्र धरणारा आरपार दगड कुठेच नाही. जमीन हलली तसे दोन्ही पदर एकमेकांपासून सुटले आणि भिंत पोट फुटल्यासारखी आत-बाहेर पडली. कित्येक ठिकाणी लाकडी सांगाडा उभाच्या उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या.

औसा भागातल्या एका वयस्क गवंड्याला मी याविषयी छेडले होते. तो म्हणाला, "साहेब, दगडाला कशाला बोल लावता? पहिले लोक आडवा लांब दगड घालायचे. मागून घाई झाली, मजुरी वाढली, लांब दगड फोडायला कोण बसतंय? आत काय घातलं ते गिलाव्यानं झाकतंय." सगळ्या चौकशी अहवालांचे सार या माणसाने चार वाक्यांत सांगितले असे मला वाटते.

१९९३ सालीच भारतीय मानक संस्थेने माती व दगडविटांच्या साध्या बांधकामासाठी भूकंपविषयक नियम प्रसिद्ध केले. त्यांचा गाभा कोणालाही समजण्यासारखा आहे. दगडी भिंत दीड फुटापेक्षा जाड नको. दर दोन फूट उंचीला आणि दर चार फूट अंतराला भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगड हवा. तसा दगड मिळाला नाही तर सळईचा तुकडा घालून काँक्रीटचा ठोकळा ओतावा. दारा-खिडकीवर, घराच्या चारही भिंतींना कमरपट्ट्यासारखा वेढणारा सलग काँक्रीटचा पट्टा हवा. खिडकी कोपऱ्याला चिकटून नको, दोन फूट तरी लांब असावी. बस, एवढेच. यात महाग काही नाही. लागते ती अक्कल आणि देखरेख.

उलटपक्षी सिमेंटच्या घराने आपण आपोआप सुरक्षित होत नाही. आजकाल चारी बाजूंनी नुसती विटांची भिंत उभी करतात, पट्टा गाळतात आणि वर स्लॅब ओततात. किंवा खाली ट्रॅक्टरसाठी मोकळे खांब आणि वर दोन मजले. जोड कच्चे असतील तर स्लॅब हे नवे माळवदच होय. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तो नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. तेव्हा हा विषय ९३ सालापुरता नाही. किल्लारीचा भाग भूकंपापूर्वी नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ च्या फेरआखणीत तो तिसऱ्या पट्ट्यात आला.

नकाशा काढणाऱ्याने विचारले नाही ते

भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जागतिक बँकेच्या साहाय्याने शासनाने मोठा कार्यक्रम राबवला, देशभरातील संस्थांनी गावे दत्तक घेतली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्याचे ठरले. काम अवाढव्य होते, आणि उघड्यावरच्या माणसांना छप्पर मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे.

तरी त्या गावांतून हिंडताना आखणीविषयी पुष्कळ शिकायला मिळते. रस्ते सरळ, चौकोनी, शहरातल्या वसाहतीसारखे रुंद. घरे एकाच साच्याची. परंतु कडब्याची गंज कुठे रचायची? बैल कुठे बांधायचे? औत-वखर, मोटारीचे पाइप, खताची पोती कुठे ठेवायची? बायकांनी डाळ कुठे वाळत घालायची? नकाशात या प्रश्नांना जागा नव्हती. जुन्या गावात बोळ होती, भाऊबंदांची घरे पाठीला पाठ लावून होती, ओट्यावरून ओट्यावर बोलता येत होते. नव्या गावात शेजार पांगला. पुढे लोकांनीच घराला पत्र्याची पडवी जोडली, गोठा बांधला, भिंत घालून अंगण केले. म्हणजे जे आराखड्यात हवे होते ते मागाहून, स्वतःच्या पदरचे पैसे घालून केले. आणि दुःखाची गोष्ट म्हणजे काहींनी गोठ्याची भिंत पुन्हा तशीच, आरपार दगडाविना रचली.

याला निराळी उदाहरणेही आहेत. लातूर जिल्ह्यातले बाणेगाव 'मल्याळ मनोरमा' या केरळच्या वृत्तपत्राच्या मदतीने पुन्हा उभे राहिले आणि त्याच्या आखणीत लॉरी बेकर यांचा हात होता. बेकर मूळचे इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे, जन्म १९१७ चा. भारतात आले, गांधीजींना भेटले आणि इथेच राहिले. हिमालयाच्या पायथ्याशी पिठोरागडला आणि नंतर केरळात त्यांनी आयुष्यभर गरिबांसाठी व मध्यमवर्गासाठी घरे बांधली. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २००७ मध्ये तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. हा माणूस नकाशा काढण्याआधी घरच्या बाईला विचारायचा, की चूल कुठे, पाणी कुठून येते, सकाळी कोण आधी उठते. जागेवरचे झाड तोडायचे नाही, भिंत झाडाला वळसा घालून न्यायची. कचेरीत बसून काम नाही. गवंड्याबरोबर जागेवर उभे राहून, कागदाच्या कपट्यावर चित्र काढून दाखवायचे.

भूकंपात पूर्ण न पडलेल्या घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाचे काम तर बाराशेहून अधिक गावांत चालले. त्यात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेने गावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' उभ्या केल्या. या बायकांनी बांधकामाची भाषा शिकून घेतली, पट्टा कशाला म्हणतात, वाळू चाळली की नाही, सळई किती हे अभियंत्याला विचारू लागल्या आणि शेजारणींना सांगू लागल्या. माझ्या मते या सगळ्या पुनर्वसनातली सर्वांत टिकाऊ गोष्ट हीच. घरात दिवसाचे सोळा तास जी वावरते, तिला आराखड्याच्या बैठकीला बोलावत नाहीत. चहा घेऊन आत येते आणि जाते. आपल्याकडे अजूनही तेच चालू आहे, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

माणसे कुठे शोधावीत

प्रथम आपल्याच शिवारात. भूकंपानंतरच्या कामात शेकडो गवंडी पट्टा, आरपार दगड, कोपऱ्यातली उभी सळई हे शिकले. ते आता साठीच्या घरात आहेत, पण त्यांच्या हाताखाली तयार झालेली पोरे काम करताहेत. गवंडी निवडताना त्याने गेल्या महिन्यात बांधलेले घर बघू नका, रंग लावलेले सगळेच चांगले दिसते. दहा पावसाळे खाल्लेले घर दाखव म्हणावे. तिथे घरमालकिणीला विचारावे, की वैनी, कुठे गळतं का, दार घासतं का, दुपारी कोणत्या खोलीत बसवत नाही? पाच मिनिटांत सगळे कळते. दगडकामासाठी वडार समाजातले जाणते कारागीर अजून आहेत, त्यांना काम नाही म्हणून ते खडी फोडतात. किनवटच्या सागावर हात बसलेले सुतार आहेत. कुंभाराकडे कौले, जाळीचे तुकडे, कुंड्या करवून घेता येतात, मागणी केली तर.

दुसरे ठिकाण वर्धा. सेवाग्रामची बापूकुटी १९३६ नंतर उभी राहिली, ती मीराबेन यांच्या देखरेखीखाली. जवळपास मिळणाऱ्या माती, बांबू, लाकूड आणि कौलांतून घर करावे, हा गांधीजींचा आग्रह. आत भिंतीवर मीराबेननी मातीतच उठवलेली ताडाची झाडे आणि मोर अजून पाहायला मिळतात. सजावटीसाठी बाजारातून एकही वस्तू आणलेली नाही, आणि तरी ती खोली साधी असूनही देखणी आहे. वर्ध्यातच देवेंद्रकुमार यांनी स्थापन केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मातीच्या घरांवर पुष्कळ काम केले. कुंभाराने चाकावर घडवलेले पेल्याच्या आकाराचे भाजके तुकडे एकात एक बसवून कमान करायची आणि तिचे छप्पर बांधायचे, ही त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. यात लोखंड फार लागत नाही आणि घराचा पैसा गावच्या कुंभाराला मिळतो. सहलीला शिर्डी-तिरुपती करतोच, एकदा सेवाग्रामही करावे.

तिसरे, अलीकडचे तरुण वास्तुविशारद. पुण्याचे ध्रुवांग हिंगमिरे व प्रियांका गुंजीकर ही जोडी स्थानिक दगड, माती आणि लाकूड घेऊन गावच्याच कारागिरांकडून घरे बांधते. मुंबईचे मलकसिंग गिल यांनीही बेकर यांच्या विचाराने महाराष्ट्रात कामे केली आहेत. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविलमध्ये १९८९ पासून 'अर्थ इन्स्टिट्यूट' चालते. तिथे मातीत थोडे सिमेंट मिसळून, यंत्रात दाबून, न भाजता विटा करायला शिकवतात. कोणालाही शुल्क भरून शिकता येते. मात्र ध्यानात ठेवा, आपली काळी चिकण माती त्या विटेला चालत नाही, मुरमाड माती लागते. परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या विटा हा आपल्याला जवळचा पर्याय आहे.

आपण सर्वांनीच पुण्या-मुंबईचा वास्तुविशारद आणावा, असे मी म्हणत नाही. लातूर-नांदेडलाही शिकलेली मंडळी आहेत. १९७२ च्या कायद्याप्रमाणे वास्तुविशारद म्हणवून घ्यायला वास्तुकला परिषदेकडे नोंदणी लागते; ती आहे का, हे विचारण्यात अपमान काही नाही. त्याची फी बांधकाम खर्चाच्या टक्क्यांत ठरते आणि कामाच्या टप्प्यांनी द्यायची असते. फी वाचवायला पाहणारा मनुष्य नंतर एक खिडकी फोडून दुसरीकडे नेण्यात तेवढेच घालवतो, हे मी माझ्या गटात अनेकदा पाहिले आहे.

जुना वाडा मोडताना

इथे थोडे विषयांतर करतो. आपल्या भागात वाडे, माळवदे मोडली जात आहेत. गावात टेम्पो घेऊन व्यापारी येतो आणि कोरीव खांब, चौकटी, तुळया वजनावर किंवा उक्त्या भावात नेतो. तेच खांब घासून-पुसून मुंबई-पुण्याच्या बंगल्यांत दिवाणखान्याची शोभा म्हणून उभे राहतात. तिथला वास्तुविशारद ज्याच्यासाठी दहापट पैसे मोजायला लावतो, ते आपण सरपणाच्या भावाने दिलेले असते. शंभर वर्षे मुरलेला सागवान आज नवा विकत मिळत नाही. नव्या घरात सोप्याला दोन खांब, देवघराला जुनी चौकट, झोक्याला तुळई एवढे जरी वापरले तरी लाकडाचा खर्च वाचेल आणि आजोबांचा हातही घरात राहील. शहाबादी फरशीही जपून काढावी, उलटी करून बसवली तर नव्यासारखी.

आणखी एक गंमत, ऊसवाल्यांसाठी खास. जुन्या चुन्याच्या बांधकामात घाणीत चुना मळताना गुळाचे पाणी आणि बेलफळाचा गर घालीत. आपल्याच गुऱ्हाळातला गूळ कितीतरी वाड्यांच्या सांध्यांत बसलेला आहे.

आराखडा पुढ्यात आला की

आता कामाचे. आराखडा करणाऱ्याने पहिल्या भेटीत किती प्रश्न विचारले ते मोजा. माणसे किती, जनावरे किती, म्हातारे कोण, गुडघे दुखतात का, पाहुणे कधी येतात, ऊसतोडीच्या दिवसांत अंगणात कोण कोण असते, ट्रॅक्टर-ट्रॉली वळते का, हे विचारणारा माणूस कामाचा. आल्या आल्या दर्शनी बाजूचे रंगीत चित्र दाखवणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावे.

जमिनीविषयी सर्वांत जास्त बारकाईने बोला, कारण आपल्याकडे घरे फुटतात ती बहुतेक जमिनीपायी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मेमध्ये शेतात हातभर भेगा पडतात, तेच पायाखाली घडते आणि भिंतीला तिरपी चीर जाते. म्हणून पाया काळ्या मातीत थांबवायचा नाही, मुरूम लागेपर्यंत न्यायचा. मुरूम फार खोल असेल तर बुडाला फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत गाळण्याची पद्धत आहे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ती अशा मातीसाठीच विकसित केली. जोत्यात काळी माती भरू नका, मुरूम भरा. घराभोवती तीन फूट फरसबंदी करून पाणी बाहेर उताराला काढा. न्हाणीचे पाणी भिंतीच्या मुळाशी मुरू देणे म्हणजे पायाला रोज मोकाट पाणी देणे. उसालाही आपण तसे देऊ नका म्हणतो, मग पायाला कशाला?

उन्हाचे दुसरे. आपली पश्चिमेची भिंत चैत्र-वैशाखात चुलीच्या वैलासारखी तापते. तिकडे झोपायची खोली देऊ नये. कोठीघर, जिना, न्हाणी द्यावी. मोठ्या खिडक्या उत्तर-दक्षिणेला, समोरासमोर. खिडकीवर दोन फुटांचा छज्जा. जुन्या माळवदात सवणं असायचे, धूर आणि तापलेली हवा वरून निघून जायची. स्लॅब ओतताना तसा झरोका ठेवता येतो, पण कोणी ठेवत नाही. स्लॅबमध्ये खालच्या अंगाला मंगलोरी कौले बसवून काँक्रीट वाचवण्याची बेकर यांची पद्धत आहे, तिने वजनही घटते आणि खोलीही गार राहते. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणारी 'रॅट ट्रॅप' बांधणी त्यांनीच रुळवली. तिच्यात सुमारे चौथाई विटा वाचतात. पण वीट कडक आणि एका मापाची हवी. आपल्याकडची निम्मी वीट त्या परीक्षेत बसत नाही. दोन विटा एकमेकींवर आपटून टणत्कार येतो का पाहावा, चार फुटांवरून टाकून पाहावी.

परसाचा आराखडाही कागदावरच

घर झाले की उरलेल्या जागेत झाडे लावू, असे आपण म्हणतो, आणि उरलेल्या जागेत वाळू-खडीचे ढीग दहा वर्षे पडून राहतात. परस पहिल्या दिवसापासून नकाशात हवे. त्याची सुरुवात पाण्यापासून.

एप्रिल २०१६ आठवा. लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला आलेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आता आपल्या छताचा हिशोब करा. हजार चौरस फूट छत म्हणजे ९३ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर. सातशे मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी ५० हजार लिटर पाणी एका छतावरून वाहून जाते. अशा दहा घरांचे पाणी म्हणजे ती अख्खी गाडी. टाकी जोत्याखाली बांधायची की विहिरीत-बोअरमध्ये गाळून सोडायचे, हे घराच्या नकाशाबरोबरच ठरले पाहिजे, मागाहून पाइप फिरवत बसता येत नाही.

न्हाणी-मोरीचे पाणी पाच माणसांच्या घरात दिवसाला दीडशे-दोनशे लिटर सहज निघते. खडी-वाळूच्या खड्ड्यातून, कर्दळीच्या मुळांतून ते सोडले की केळी, अळू, पपई त्यावर पोसतात. ऊस विकास अधिकारी म्हणून माझ्यावर रागावू नका, पण एक गुंठा ऊस मोकाट पाण्यावर वर्षाला दोन लाख लिटरच्या घरात पाणी पितो. त्याच्या तिसऱ्या हिश्शात एक गुंठ्याचे परस घराला वर्षभर भाजी देते. स्वयं शिक्षण प्रयोगाने भूकंपानंतर हेच सूत्र पुढे नेले. लातूर-धाराशिवच्या बायकांनी घरच्यांशी बोलून अर्धा-एक एकर स्वतःकडे मागून घेतला आणि त्यात भाजी, डाळी, धान्य असे खाण्याचे पीक घेतले. २०१७ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तेव्हा परसाचा आराखडा घरच्या बाईने काढावा, पुरुषांनी खड्डे खणावेत.

मांडणी अशी सोयीची पडते. स्वयंपाकघराच्या दाराशी कढीपत्ता, गवती चहा, कोथिंबिरीचा वाफा. न्हाणीच्या उताराला केळी-अळू. कुंपणाला शेवगा, लिंबू, सीताफळ. पश्चिमेला उन्हाच्या आडोशाला कडुलिंब, पण भिंतीपासून वीस फुटांवर, कारण मोठ्या झाडाची मुळे काळ्या मातीतला ओलावा ओढून पाया हलवतात. चिंच मात्र बांधावरच बरी. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा बांध रिकामा असल्यास तिचा विचार करावा. ओट्यापाशी मोगरा, जुई. फुलझाड लावले म्हणून कोणी आपल्याला शहरी म्हणणार नाही.

यंदा दिवाळीनंतर ज्यांना पाया खणायचा आहे त्यांनी आत्तापासून, पावसाळ्यातच, आपल्या जागेवर पाणी कुठून येते आणि कुठे तुंबते ते चुनखडीने आखून ठेवावे. आराखडा करणाऱ्याला ती खूण उपयोगी पडते. शेवग्याची फांदी आणि सीताफळाचे रोप याच पावसात कुंपणाच्या कडेला लावून टाकावे. घर पुरे होईपर्यंत शेवगा शेंगेवर येईल. परसासाठी प्रेसमडचे कुजलेले खत हवे असल्यास ताजे नेऊ नये, ते गरम असते. तीन-चार महिने कुजू द्यावे आणि एका गुंठ्याला दोन पाट्या नव्हे, चांगली अर्धी बैलगाडी घालावी.